पाच नेटवर्क आणि एक केबिन

ज्या माणसाने घरचा राऊटर एकदा बंद करून परत चालू केला असेल, त्याने ती गोष्ट ऑफिसात कुणाला सांगू नये. मी सांगितली. तीही डबा खाताना, चारचौघांत, हातवारे करत. "काही नाही हो, आतलं सेटिंग बघितलं आणि लावलं मार्गी," असं काहीतरी मी बोलून गेलो. प्रत्यक्षात मी प्लग काढून पुन्हा खोचला होता. पण जेवताना माणूस थोडं वाढवून सांगतोच, आणि ऐकणारेही थोडं वजा करून ऐकतात. त्या दिवशी आमचे साहेब माझ्या मागे उभे होते आणि त्यांनी काहीही वजा केलं नाही.

आमची कंपनी वजनकाटे विकते आणि दुरुस्त करते. वाण्याच्या गल्ल्याशेजारी मावणाऱ्या काट्यापासून भरलेला ट्रक चढवता येईल अशा काट्यापर्यंत सगळे. तिथे मी कार्यालयप्रमुख आहे. म्हणजे पंखा कुरकुरला, नळ गळला, कुणाच्या ड्रॉवरची किल्ली हरवली, की हाक मला. प्रमुख हा शब्द पत्राखाली सहीजवळ छान दिसतो, पण बसायची माझी जागा पॅसेजमध्ये आहे. एका बाजूला झेरॉक्स मशीन, दुसऱ्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा कूलर. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण घोट घेता घेता माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतो आणि जाताना "चालू द्या" म्हणून परवानगी देऊन जातो.

आणि माझ्या अगदी समोर एक रिकामी केबिन आहे. ती थोरल्या साहेबांची, म्हणजे आत्ताच्या साहेबांच्या वडिलांची. ते गेल्यापासून तिला कुलूप आहे. काचेचं दार, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि आत फिरती, हातांची, डोकं टेकायला उशी असलेली खुर्ची. इतकी वर्षं मी मान वर केली की मला ती खुर्ची दिसते. ती केबिन मला हवी होती. यात आढेवेढे घेण्यासारखं काही नाही. दार लावून घ्यावं, कुणी टकटक केली की जरा थांबून "या" म्हणावं, एवढंच माझं स्वप्न होतं.

तर साहेब मागून म्हणाले, "तुम्हाला यातलं समजतं हे माहीतच नव्हतं. जेवण झालं की आत या."

प्रकरण असं होतं. आमच्या शेजारच्या गाळ्यात दातांचे डॉक्टर आहेत. साहेबांच्या दाढेचं काम त्यांच्याकडे चालू होतं आणि तोंड उघडं असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. त्या अवस्थेत डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं इंटरनेट आम्हीही वापरलं तर चालेल ना?" साहेबांनी घशातून जो काही आवाज काढला तो होकार धरला गेला. तेव्हापासून डॉक्टरांचे पेशंट बाहेर बाकावर बसून आमच्या नेटवर सिनेमे बघत होते आणि आमच्या विक्रीवाल्यांची दरपत्रकं जाता जात नव्हती. पेशंट आत गेला की आमचा एक ईमेल सुटायचा.

"लाईन एकच राहू दे," साहेब म्हणाले, "पण वायफाय वेगवेगळी करा. आपलं आपल्याला, डॉक्टरांचं डॉक्टरांना. आणि हे बघा, आई येणार आहे ऑफिस बघायला. बाबांची केबिन कुणाला द्यायची ते ती ठरवेल. मी तुमचं नाव सुचवणार आहे. विक्रीप्रमुखही मागतायत, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा एवढं काम नीट करून दाखवा, म्हणजे मला बोलायला तोंड राहील."

मी "त्यात काय आहे!" म्हणालो. हे वाक्य आयुष्यात मी ज्या ज्या वेळी म्हणालो आहे, त्या त्या वेळी त्यात बरंच काही निघालेलं आहे.

घरी आल्यावर बायकोला मी फक्त इतकंच म्हणालो, की केबिनचा विचार चालू आहे. चहाचा कप मी खाली ठेवेपर्यंत समोरच्या वहिनींना केबिन मिळाल्याचं कळलं होतं आणि रात्री जेवायच्या वेळेला तिसऱ्या मजल्यावरून अभिनंदन आलं. चार दिवसांत बायकोने पितळेची पाटी करून आणली. वर माझं नाव, खाली 'कार्यालयप्रमुख'. "अगं, अजून ठरलं नाही," मी म्हणालो. "मग ठरेल ना," ती म्हणाली. "पाटी काय, पडून खराब होत नाही." आणि तिने ती पाटी कापडात गुंडाळून कपाटात, चांगल्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवली. त्या दिवसापासून मी कपाट जपून उघडायला लागलो.

सल्ल्यासाठी मी आधी आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण ते अर्थिंगपर्यंत आणून सोडतात. पुतण्याचा संसार मोडला तेव्हाही त्यांनी आधी त्याच्या घरातलं वायरिंग विचारलं होतं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "राऊटर वगैरे नंतर. जमिनीत रॉड किती खोल गेलाय?" आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे म्हटल्यावर त्यांनी हताशपणे मान हलवली आणि चहा मागवला.

मग मेहुण्याला फोन लावला. तो परदेशी कॉम्प्युटरमध्ये आहे आणि माझ्याशी बोलताना त्याचा आवाज, लहान मुलाला रस्ता ओलांडून देताना होतो तसा, मऊ होतो. "सोप्पंय, भाऊजी. राऊटरमध्ये शिरायचं, एकाच लाईनवर दोन-चार नावं तयार करायची, प्रत्येकाला किती वेग ते ठरवायचं. पाच मिनिटांचं काम. फक्त शिरायचा पासवर्ड लागेल."

पासवर्ड कुणाकडेच नव्हता. तो थोरल्या साहेबांच्या काळात कुणीतरी ठेवला होता आणि ते कुणीतरी कोण होतं यावर ऑफिसात दोन मतं होती. इंटरनेट कंपनीला फोन केला. गाणं ऐकलं. पुन्हा गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगी आली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, की पासवर्ड बदलून मिळेल, पण ज्यांच्या नावावर लाईन आहे त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल तो सांगावा. लाईन आईसाहेबांच्या नावावर होती. ऑफिसात साहेबांच्या आईला सगळे आईसाहेबच म्हणतात. साहेबांना म्हटलं, तुम्हीच विचाराल का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्हीच जा. मला ती रागावते."

मी गेलो. आईसाहेबांनी सरबत दिलं, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली आणि ओटीपी द्यायला साफ नकार दिला.

"बँकेने सांगितलंय, कुणालाही सांगायचा नाही."

"पण आईसाहेब, मी आपल्याच कंपनीतला."

"तेच सांगितलंय. ओळखीचा म्हणून येईल, गोड बोलेल, सरबत पिईल."

मी पेला खाली ठेवला. मग मी कंपनीची ती मुलगी फोनवर घेतली. आधी रेकॉर्ड केलेली सूचना वाजली, की आपला ओटीपी आमच्या कर्मचाऱ्यांनाही सांगू नका, आणि लगेच मुलगी म्हणाली, "मॅडम, ओटीपी सांगता का?" आईसाहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "आत्ता तुमचीच बाई नको म्हणाली आणि आता तू हो म्हणतेस. तुमच्यात मोठं कोण?" मुलगी गडबडली. तिने वरिष्ठांना आणलं, वरिष्ठांनी आणखी कुणाला तरी. अखेर असं ठरलं, की माझ्या मोबाईलवर कंपनीचं पान उघडायचं आणि आकडे आईसाहेबांनी स्वतः, स्वतःच्या बोटांनी भरायचे.

"तुम्ही पाठ करा तिकडे," त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर नेमका थोरल्या साहेबांचा फोटो होता. त्यांच्या हाताखाली मी सगळी उमेदीची वर्षं काढलेली. आणि आता त्यांच्याच घरात कोपऱ्यात उभा केलेल्या शाळकरी मुलासारखा मी त्यांच्या नजरेला नजर देत होतो. मागे आईसाहेब एकेक आकडा मोठ्याने उच्चारत भरत होत्या. म्हणजे पाठ फिरवून काही उपयोग नव्हता, पण ते मी बोललो नाही. निघताना त्या म्हणाल्या, "चिडला नाहीत. बरं वाटलं." मी चिडलो होतो. फक्त तोंड भिंतीकडे होतं म्हणून दिसलं नाही.

पासवर्ड मिळाला आणि खरोखरच पाच मिनिटांत, म्हणजे एका दिवसात, मी तीन नेटवर्क उभी केली. 'ऑफिस', 'डॉक्टर' आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी 'पाहुणे'. पाहुण्यांचा पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून दाराशी लावला. सगळं झकास चालू झालं. गोष्ट इथे संपली असती तर आज मी ती अभिमानाने आणि थोडक्यात सांगितली असती.

पण आमच्या ऑफिसात एक रीत आहे. तिथे सगळं एकच असतं आणि तरीही वेगळं असतं. चहा एकाच किटलीतला, पण साहेबांना कपबशी, विक्रीप्रमुखांना आणि हिशेबाच्या ताईंना नुसता कप, बाकीच्यांना काचेचा ग्लास. मला कप आहे, पण कान तुटलेला. खुर्च्यांचंही तसंच. साहेबांच्या खुर्चीला हात आणि चाकं दोन्ही. विक्रीप्रमुखांच्या खुर्चीला हात आहेत, चाकं नाहीत. मला चाकं आहेत, हात नाहीत. हे वाटप कुणी केलं हे विचारू नये. पण त्यात ढवळाढवळ झाली की ऑफिस पेटून उठतं.

विक्रीप्रमुख माझ्या टेबलाशी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझा फोन आणि पॅकिंगमधल्या पोरांचे फोन एकाच नेटवर्कमध्ये?"

"लाईन एकच आहे हो."

"लाईन एकच असेल. मला नाव वेगळं पाहिजे."

मी साहेबांकडे गेलो. वाटलं, ते हसतील. ते गंभीर झाले. "थोडा फरक हवाच," ते म्हणाले. "शिस्त राहते."

झालं. 'ऑफिस' मोडून मी त्याचे तीन केले. 'साहेब', 'वरिष्ठ' आणि 'कनिष्ठ'. अशी एकूण पाच नेटवर्क झाली. आता वेगाचं वाटप. हे करताना, खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा कपबशी आणि कप वाटणारा मी होतो. साहेबांना मोठा वाटा, वरिष्ठांना मध्यम, कनिष्ठांना कामापुरता, डॉक्टरांना शेजारधर्मापुरता. प्रत्येकाच्या नावापुढे एक चौकट होती, तिच्यात मी आकडे भरत गेलो. पाहुण्यांच्या चौकटीपाशी आल्यावर मी थांबलो. पाहुणे म्हणजे कोण? आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना कशाला आकडा? मी ती चौकट रिकामी सोडली. मनात म्हटलं, काही लिहिलं नाही म्हणजे काही मिळणार नाही; उरलंसुरलं चाटतील. साहेबांनी आपला पासवर्ड स्वतः ठेवला, हाताने स्क्रीन झाकून. बाकी सगळ्यांना मी एकच पासवर्ड दिला, नाहीतर मला पाठ राहिले नसते.

पहिला दणका प्रिंटरने दिला. प्रिंटर एकच, आणि तो पडला 'कनिष्ठ'मध्ये. वरिष्ठांनी पाठवलेला कागद त्याच्यापर्यंत पोचेचना. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नेटवर्क वेगळी केलीत ना? मग वरच्यांना खालचा प्रिंटर दिसणार नाही. छापायचं असेल तेव्हा 'कनिष्ठ'वर जायला सांगा." हे विक्रीप्रमुखांना कोण सांगणार? मी सांगितलं. ते म्हणाले, "एका कागदासाठी मी कनिष्ठात जाणार नाही." साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांची पत्रं छापायची थांबली. हिशेबाच्या ताई तेवढ्या व्यवहारी. त्या निमूट 'कनिष्ठ'वर जायच्या, आपली बिलं छापायच्या आणि कुणी बघत नाही ना हे पाहून परत यायच्या. लवकरच साहेबांपासून सगळे त्यांना पेन ड्राइव्ह नेऊन देऊ लागले. कागद हातात घेताना खोकायचे.

त्यात डॉक्टरांच्या कॉम्प्युटरने 'डॉक्टर' सोडून 'कनिष्ठ'चा हात धरला. पासवर्ड एकच ना. एके सकाळी आमच्या प्रिंटरमधून दाढा यायला लागल्या. वरच्या, खालच्या, किडलेल्या, मोठ्या करून काढलेल्या दाढांचे फोटो. त्यातली एक कुणाच्याही लक्षात न येता दरपत्रकाच्या गठ्ठ्यात गेली. एका साखर गोदामाच्या मालकांनी फोन करून विचारलं, की ट्रकच्या काट्याखाली जो पाया खणायचा तो या आकाराचा खणायचा का. विक्रीप्रमुखांनी वेळ मारून नेली, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत केबिन होती.

आणि सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे वेग. पाच वाटे करून कुणालाच पुरेना. साहेब म्हणाले, कमी पडतंय. वरिष्ठ म्हणाले, कमी पडतंय. कनिष्ठ म्हणाले, कामापुरतंही नाही. डॉक्टर हातमोजे घालूनच येऊन सांगून गेले. माझी झोप उडाली. रोज कपाट उघडायचो, ती कापडातली पाटी दिसायची, आणि मी शर्ट न घेताच कपाट लावायचो.

मग एक चमत्कार झाला. तक्रारी थांबल्या. एक-एक करून, आपोआप. साहेब म्हणाले, "आता पळतंय हं!" विक्रीप्रमुख नाइलाजाने म्हणाले, "ठीक आहे." पॅकिंगमधून हसण्याचे आवाज येऊ लागले, म्हणजे तिथे सिनेमा चालू लागला होता. डॉक्टर खुशीत होते. मी काहीच केलं नव्हतं. पण आपण न केलेल्या कामाचंही श्रेय समोर आलं की माणूस मान खाली घालून "हो, थोडं जुळवून घेतलं" असं म्हणतो, तसं मी म्हणालो. नवल एकच होतं. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर नेट अजूनही कुथत होतं. एक पान उघडायला दिलं, की मी झेरॉक्स काढून यायचो. पण सगळं ऑफिस सुखात असताना आपणच आपल्या कामाची तक्रार कुणाकडे करणार? कॉम्प्युटर जुना झाला असेल म्हणून मूग गिळून बसलो.

आईसाहेब आल्या तो दिवस उजाडला. येताच त्यांनी केबिनचं कुलूप काढायला लावलं, आत गेल्या, खुर्ची हाताने झटकली आणि तिच्यात बसल्या. आम्ही सगळे दारात. त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला. मग पर्समधून मोबाईल काढून म्हणाल्या, "नातीला आजोबांची केबिन दाखवायचीय. लांब शिकायला गेल्यापासून मागे लागलीय. मला नेट द्या."

साहेब पुढे झाले. "आई, माझं घे. 'साहेब' म्हणून आहे बघ."

"पासवर्ड?"

साहेबांनी डोळे मिटले. कपाळ चोळलं. स्वतःची जन्मतारीख पुटपुटले, मग बायकोची, मग गाडीचा नंबर. काहीच लागेना. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, की जो माणूस रोज ज्या नेटवर आहे, त्याला त्याचा पासवर्ड आठवत का नाही. पण माझं लक्ष विक्रीप्रमुखांकडे होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत होता.

"असू दे, बाळ," आईसाहेब म्हणाल्या. साहेबांचे कान लाल झाले. "हे 'पाहुणे' दिसतंय. दारावर लिहिलंय. मी पाहुणीच आहे."

फोन लागला. नात दिसली. "आजी!" म्हणाली आणि तशीच, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, थिजली. आईसाहेबांनी मोबाईल उंच धरला, खाली धरला, खिडकीकडे नेला. नात थिजलेलीच. केबिन माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती, आणि ती जाताना मला खुर्चीची चाकंसुद्धा दिसली.

"एक मिनिट," मी म्हणालो. "पाहुण्यांवर बाहेरचं कुणीतरी चिकटलेलं असणार. डॉक्टरांचे पेशंट, दुसरं कोण! मी 'पाहुणे' क्षणभर बंद करतो, सगळे गळून पडतील, मग पुन्हा चालू करतो." आणि ऑफिसकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बऱ्यापैकी रुबाबात जाहीर केलं, "मी फक्त पाहुण्यांचं बंद करतोय. स्टाफपैकी कुणालाही काही त्रास होणार नाही."

मी बटण दाबलं.

एकदम खुर्च्या सरकल्या. "अरे!" म्हणत विक्री विभाग उभा राहिला. पॅकिंगमधला सिनेमा अर्ध्यात थांबला आणि ती सगळी मंडळी दारात आली. हिशेबाच्या ताई, ज्यांना मी व्यवहारी म्हणालो, त्या "माझं बिल चाललं होतं हो!" म्हणून ओरडल्या. विक्रीप्रमुखांनी आपल्या मोबाईलकडे बघून न राहवून "च्!" केलं. साहेबांच्या खोलीत त्यांच्या कॉम्प्युटरवर कुठलीशी मॅच चालू होती, तिचा आवाज तुटला, आणि ते ऐकू आल्यामुळे आता साहेबांनाही कुठे बघायचं ते सुचेनासं झालं. एवढ्यात डॉक्टर हातात आरसा घेऊन धावत आले, "काय झालं? काय झालं?" आणि त्यांच्या मागे गळ्यात फडकं बांधलेला पेशंट, तोंडात कापूस धरून, तोही मोबाईल दाखवत होता.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. मी जी चौकट पाहुण्यांची काय लायकी म्हणून रिकामी सोडली होती, तिचा अर्थ 'काही नाही' असा नव्हता. तिचा अर्थ 'हवं तेवढं घ्या' असा होता. ते आधी कुणाला तरी कळलं, आणि मग प्रत्येक जण आपलं मानाचं नाव सोडून, दुसऱ्याला न सांगता, गुपचूप पाहुणा झाला होता.

आईसाहेबांनी दारातली गर्दी शांतपणे पाहिली. "सगळेच पाहुणे," त्या म्हणाल्या. "मग इथे नोकरीला कोण आहे?"

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नाही उठलात?"

"मी 'वरिष्ठ'वर होतो."

"इतके दिवस?"

"हो."

"चालत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

यावर मात्र त्या हसल्या. खुर्ची हलेपर्यंत हसल्या. मग सगळे हसले. मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला, कारण पाच नेटवर्कांचे नियम करून ते पाळणारा अख्ख्या ऑफिसात मीच एकटा निघालो होतो.

पुढचं काम आईसाहेबांनी एका वाक्यात केलं. "ऑफिसचं एक, डॉक्टरांचं एक, बस." मी तिथल्या तिथे तसं केलं. 'साहेब', 'वरिष्ठ', 'कनिष्ठ', 'पाहुणे' सगळे पुसले गेले आणि प्रिंटरने इतक्या दिवसांची साठलेली पत्रं फडाफडा ओकायला सुरुवात केली. आईसाहेबांनी 'ऑफिस'वरून नातीला पुन्हा फोन लावला, तरी केबिनमध्ये चित्र अडखळतच होतं. राऊटर पाण्याच्या कूलरच्या वरच्या फळीवर होता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागेल असा. मी स्टुलावर चढलो, तो काढला, लांब वायर ओढत केबिनमध्ये आणला आणि डोक्यावर धरून उभा राहिलो. नात हलली. बोलली. आजीने तिला खिडकी दाखवली, टेबल दाखवलं, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं.

"यात तुझे आजोबा मुख्य वजनं ठेवायचे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे काटे त्यांच्यावरून तपासायचे ना, म्हणून ती कुलपात. कुणी हात लावलेला चालायचा नाही त्यांना." मग त्यांनी मोबाईल त्या कपाटाच्या कुलपाजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. मी राऊटर डोक्यावर धरून उभा होतो, दंड भरून आले होते, पण मला तो खाली ठेववेना.

फोन झाल्यावर त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "हे यंत्र इथेच राहू दे. त्या कपाटावर. ज्याच्यावर सगळ्यांचं चालतं, ते कुलपातच असावं. केबिन त्याला. आणि किल्ली यांच्याकडे."

साहेब "बरोबर" म्हणाले. विक्रीप्रमुखही "बरोबर" म्हणाले, कारण केबिन मलाही मिळाली नव्हती. मीसुद्धा "बरोबर" म्हणालो. मग पॅसेजमध्ये आपल्या जागेवर जाऊन बसलो आणि खूप वेळ नुसता कान नसलेला कप हातात धरून बसलो. मला फार वाईट वाटलं. हरायचंच तर माणसाने माणसाकडून हरावं.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "किल्ली माझ्याकडे आहे." आणि खिशातून काढून दाखवली. खोटं नव्हतं. तिने किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि कपाटातून पाटी आणून माझ्या पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "लावा की दारावर. नेट बंद पडलं तर कुणाला हाक मारायची ते लोकांना कळेल." तशी ती पाटी लागली. आत राऊटर, बाहेर पॅसेजमध्ये मी. नवीन माणूस आला की काचेच्या दारावर टकटक करायचा, आत हिरवे दिवे लुकलुकताना बघत वाट पाहायचा, आणि मग मी त्याच्या पाठीमागून म्हणायचो, "बोला."

हे असं मजेत चाललं होतं. मग एक दिवस मी डबा घरी विसरलो.

मुख्य दाराच्या काचेतून मला जिन्यावर बायको दिसली. हातात डबा. तिच्या लेखी मी केबिनमध्ये बसत होतो. मी काही करण्याआधी हिशेबाच्या ताईंनी तिला ओळखलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. पुढे जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. विक्रीप्रमुख उठले. हेच ते विक्रीप्रमुख! त्यांनी माझ्या खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि मला दंडाला धरून आत लोटलं. कुणीतरी माझी फाईल मागून फेकली. मी त्या खुर्चीत, हातांच्या, चाकांच्या, उशीच्या खुर्चीत, आयुष्यात पहिल्यांदा बसलो. दार लागलं.

टकटक झाली. मी जरा थांबलो. "या."

बायको आत आली. तिने खिडकी पाहिली, कपाट पाहिलं, कपाटावरचे दिवे पाहिले. डबा टेबलावर ठेवला. एवढ्यात पुन्हा टकटक, आणि दारात स्वतः साहेब. हातात कपबशी. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही कामात असाल तर मी नंतर येतो."

"नाही, नाही, बसा ना," मी म्हणालो. ते बसले. खुर्ची साधी होती, बिनहातांची. राऊटर बारीक गुणगुणत होता.

बायको निघाली तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. सगळं ऑफिस माना खाली घालून कामात गढलेलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली, म्हणाली, "वळा बघू." मी वळलो. तिने माझ्या पँटला मागे लागलेली धूळ दोन-तीनदा हाताने झटकली. चांगलीच धूळ होती. खुर्चीवर कित्येक दिवसांत कुणी बसलंच नव्हतं.

"केबिन छान आहे," ती म्हणाली. "पण बसत जा हो रोज थोडा वेळ. मी उगाच कितीदा डबा विसरायला लावू तुम्हाला?"

ती उतरून गेली. मी वर आलो, किल्ली मागून घेतली, एक जुनं फडकं ओलं केलं आणि आधी ती खुर्ची पुसली.